जिन्न असो वा नसो

मराठीत ‘लकवा मारला’ म्हटलं की हातपाय लुळे पडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. अरबी हकिमांच्या पुस्तकांत मात्र लकवा म्हणजे फक्त तोंड वाकडं होणं. अर्ध्या अंगावरून वारं जाणं याला त्यांचा शब्द वेगळा, फालिज. आणि शुद्ध, हालचाल, बोलणं असं सगळंच एकाएकी थांबलं तर ‘सकता’. धक्कादायक बातमी ऐकून उर्दूत आपण ‘सकते में आ गए’ म्हणतो, तो हाच सकता. नववी-दहावीच्या वर्गात हा वाक्प्रचार शिकवताना मी सांगते की हा शब्द थेट दवाखान्यातून आलाय, तेव्हा मुलं हसतात. मग चौथा शब्द येतो तेव्हा मात्र वर्ग गप्प होतो, कारण तो प्रत्येक मोहल्ल्यात कुणाच्या तरी घरचा असतो. मिरगी. मराठीत फेफरं, आकडी किंवा सरळ ‘फिट’.

या एका आजाराला तीन जुन्या भाषांनी दिलेली नावं बघा. ग्रीक शब्द ‘एपिलेप्सी’ म्हणजे झडप घालून पकडणं. अरबी ‘सरअ’ म्हणजे जमिनीवर आपटणं. कुस्तीत एकानं दुसऱ्याला लोळवावं तसं. संस्कृत ‘अपस्मार’ म्हणजे स्मृती निघून जाणं. आजार तोच, पण ग्रीकांनी पहिला क्षण टिपला, अरबांनी कोसळण्याचा, आणि आपल्याकडच्या वैद्यांनी नंतरचा, जेव्हा माणूस उठून बसतो आणि मघाशी काय झालं हे त्याला सांगता येत नाही. तिन्ही शब्द नीट डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या माणसांचे आहेत. पहिल्या दोन शब्दांत मात्र एक प्रश्न दडलाय. पकडलं कुणी? आपटलं कुणी?

बाबिलोनी लोकांकडे याचं उत्तर तयार होतं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या मातीच्या पाट्यांवर झटक्यांची इतकी बारीक वर्णनं आहेत की आजच्या डॉक्टरनंही मान डोलवावी. डोळे कुठल्या बाजूला वळले, हात कसे आखडले, फेस आला का, सगळं टिपलेलं. आणि प्रत्येक प्रकारापुढे एकेका भुताचं किंवा देवाचं नाव. निरीक्षण पक्कं, पण कारण बाहेरचं. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या आसपास हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रीक वैद्यानं ‘पवित्र आजार’ या विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि सरळ भांडणच काढलं. हा आजार इतर आजारांपेक्षा जास्त पवित्र वगैरे काही नाही, याचं मूळ मेंदूत आहे, आणि जे मांत्रिक याला दैवी म्हणतात ते आपलं अज्ञान झाकतात, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून तो म्हणतो, असे झटके येणाऱ्या बकरीचं डोकं फोडून बघा, आत मेंदूत पाणी साचलेलं दिसेल, तिथं कुठला देव दिसायचा नाही. कफ शिरांमध्ये अडकतो हे त्याचं स्पष्टीकरण चुकीचं होतं. पण बोट त्यानं बरोबर अवयवावर ठेवलं होतं. आपल्याकडे चरकसंहितेतही अपस्मार हा उन्मादापासून वेगळा काढलेला आहे आणि वात, पित्त, कफ आणि तिन्ही एकत्र असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत.

यानंतरचं मोठं नाव गॅलनचं, आपल्या हकिमांचा ‘जालीनूस’. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा हा माणूस भलताच गर्विष्ठ होता, पण त्याची एक केस मला फार आवडते. सीरियाकडचा एक विद्वान त्याच्याकडे आला. करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झालेला. इतर वैद्य महिनाभर बोटांवरच लेप लावत होते. गॅलननं विचारलं, मध्यंतरी कुठे पडला-बिडला होतास का? उत्तर आलं, हो, गाडीतून पडलो होतो, पाठीच्या वरच्या भागाला मार लागला होता. गॅलननं बोटांवरचा लेप पाठीच्या मणक्यावर लावायला लावला. हाताला जाणाऱ्या नसा मणक्यातून निघतात हे त्यानं जनावरं चिरून पाहिलेलं होतं. दुखतं एकीकडे आणि बिघाड दुसरीकडे, हे मज्जासंस्थेच्या आजारांचं मोठं कोडं आहे, आणि ते सोडवायला त्याला एक प्रश्न पुरला.

मिरगीच्या बाबतीतही त्यानं असंच एका मुलाला विचारलं होतं. मुलानं सांगितलं, आधी पायात काहीतरी सुरू होतं आणि तिथून वर वर चढत डोक्यापर्यंत जातं. दुसऱ्या एका मुलानं ते गार वाऱ्याच्या झुळकेसारखं असतं असं सांगितलं. ‘झुळूक’ या अर्थाचा तो ग्रीक शब्द, ‘ऑरा’, डॉक्टर आजही वापरतात. पण याच गॅलननं एका मुलाच्या गळ्यात पिओनी नावाच्या झाडाची मुळी बांधली, मुलाचे झटके थांबले. मुळी काढली, झटका आला. परत बांधली, थांबला. गॅलनला वाटलं, मुळीचे कण श्वासातून आत जात असावेत. म्हणजे ताविजाचं त्यानं औषध करून टाकलं. पुढे हीच मुळी ‘ऊद-ए-सलीब’ या नावानं युनानी दवाखान्यांत आली आणि अजूनही मिळते. झटके येणं आणि थांबणं हे मुळातच लहरी असतं. आठ महिने येत नाहीत, मग एका आठवड्यात तीन येतात. त्यामुळे त्या आठ महिन्यांत गळ्यात, दंडात किंवा पोटात जे काही गेलं असेल, त्याला श्रेय मिळतं. गॅलनसारखा माणूस जिथे फसला, तिथे आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांना नावं ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक नावाच्या ख्रिस्ती हकिमानं आणि त्याच्या मंडळींनी गॅलनची पुस्तकं सिरियाक आणि अरबीत आणली. त्यानं स्वतः केलेल्या यादीत गॅलनच्या शंभराहून जास्त पुस्तकांची नोंद आहे. या भाषांतरांवर पुढच्या दोन पिढ्या उभ्या राहिल्या. त्यातला पहिला अर-राझी, रय आणि बगदादच्या शिफाखान्यांचा प्रमुख. तो सुमारे ९२५ साली वारला. त्याच्या टिपणांच्या प्रचंड ग्रंथात, ‘अल-हावी’त, लकव्याबद्दल एक महत्त्वाचा भेद सापडतो. तोंड वाकडं झालं, पण त्याबरोबर बाकीच्या शरीरावर, जाणिवेवर परिणाम झाला असेल तर बिघाड मेंदूत. आणि नुसता चेहराच गेला असेल तर बिघाड चेहऱ्याच्या नसेत. स्कॉटिश डॉक्टर चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसेवर लिहिलं आणि आज हा आजार त्यांच्या नावानं ‘बेल्स पाल्सी’ म्हणून ओळखला जातो. नाव कुणाचं का असेना.

तो भेद आजही तितकाच कामाचा आहे, म्हणून जरा थांबते. डॉक्टर अशा पेशंटला भुवया वर करायला सांगतात. वाकड्या बाजूच्या कपाळावर आठी पडलीच नाही, डोळाही मिटत नाही, तर बहुधा बिघाड नसेचा. यातले बहुतेक पेशंट काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात, आणि पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर पूर्ण बरं होण्याची शक्यता वाढते. कपाळ नीट हलतंय, पण तोंडाचा कोपरा खाली आलाय, हात जड पडलाय, जीभ अडखळतेय, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. कोणता प्रकार आहे हे घरी बसून ठरवायचं नसतं, ते डॉक्टरचं काम. आता आमच्याकडे काय होतं? लकवा झाला म्हटलं की पोरं जंगली कबूतर शोधायला पळतात. कबुतराचं गरम रक्त गालाला चोळायचं, त्याचं सालन खायला घालायचं. नसेचा लकवा असेल तर दीड महिन्यात तोंड आपोआप सरळ होतं आणि कबुतराची कीर्ती आणखी दहा घरांत पोचते. मेंदूचा असेल तर ते साडेचार तास कबूतर शोधण्यात जातात.

आता इब्न सीना. जन्म ९८०, मृत्यू १०३७. त्याच्या ‘अल-कानून’चं बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोत लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपच्या विद्यापीठांत ते सतराव्या शतकापर्यंत शिकवलं जात होतं. हे आपण सगळे भाषणांत सांगतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याच्या नावाची पाटी लावतो. त्यानं लिहिलंय काय, ते मात्र फार कुणी उघडत नाही. मेंदूच्या पोकळ्या पूर्ण बंद झाल्या तर सकता, अर्धवट बंद झाल्या तर सरअ, असं त्याचं गणित होतं. म्हणून सरअमध्ये माणूस हलतो, झटके देतो, आणि सकत्यात निश्चल पडतो. पोकळ्यांचं हे गणित आज कुणी मानत नाही. पण सरअ मेंदूतूनच सुरू झाला की पोटातून किंवा दुसऱ्या अवयवातून वर चढला, हे वैद्यानं शोधावं, असा त्याचा आग्रह आहे. म्हणजे पेशंटशी बोलावं.

आणि याच ग्रंथात, मालीखोलिया म्हणजे खिन्नतेच्या आजारावर लिहिताना, त्यानं जिन्नचा विषय एका झटक्यात बाजूला सारलाय. काही वैद्यांच्या मते हा आजार जिन्नमुळे होतो, असं सांगून तो म्हणतो की वैद्यक शिकताना आम्हाला त्याची पर्वा नाही. जिन्नमुळे होत असला तरी तो शरीरातला सौदा, म्हणजे काळं पित्त, बिघडवूनच होणार ना? मग आम्ही त्या सौद्यावर इलाज करू. तो सौदा जिन्ननं बिघडवला की आणखी कशानं, याच्याशी आमचं काम नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. त्यानं जिन्न नाकारलेला नाही. कुणाच्या अकीद्याला हात लावलेला नाही. वाद घालत बसलेला नाही. दवाखान्याच्या दारात एक उंबरठा ठेवला आणि सांगितलं की तो प्रश्न बाहेर ठेवून आत या. बिघाड शरीरात आहे, इलाज शरीराचा होईल. हजार वर्षांपूर्वी बुखाऱ्यातल्या माणसाला हे सुचलं.

कुणी म्हणेल, हे हकिमांचं झालं, दीनमध्ये काय आहे? सहीह बुखारीत एका बाईची हदीस आहे. अता इब्न अबी रबाह यांना इब्न अब्बास (रजि.) यांनी एक काळी स्त्री दाखवली आणि सांगितलं की ही जन्नतची बाई आहे. ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली होती. मला सरअचे झटके येतात आणि त्यात माझे कपडे बाजूला होतात, माझ्यासाठी दुआ करा, असं म्हणाली. प्रेषितांनी तिला दोन पर्याय दिले: सब्र कर, तुला जन्नत मिळेल, किंवा बरं होण्यासाठी दुआ करतो. तिनं सब्र निवडला, पण निदान माझं अंग उघडं पडू नये एवढी दुआ करा, असं मागणं केलं. आणि त्यांनी ती दुआ केली. या हदीसवर वाझमध्ये सब्राबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला त्यात दिसते ती तिची लाज. झटक्याचं तिला जितकं भय नाही तितकं लोकांसमोर उघडं पडण्याचं आहे. मिरगी असलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, ती हेच सांगेल. आणि त्या बाईला कुणी मारलं नाही, मिरचीची धुरी दिली नाही, तुझ्या अंगात कोण आहे असं विचारलं नाही. दमिश्कचे इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी सरअ दोन प्रकारचा मानला आहे, एक रूहांमुळे होणारा आणि एक शरीरातल्या बिघाडामुळे होणारा, हेही खरं. मी ते लपवत नाही. पण दुसरा प्रकार वैद्यांचाच, हे त्यांनाही मान्य आहे. त्यांचा आधार देऊन मुलीला बाबाकडे नेणारे हा दुसरा अर्धा भाग वाचतच नाहीत.

इथे एक जुनी जखम आहे, तिच्याबद्दलही बोलते. थिओफनीस नावाच्या बायझंटाइन इतिहासकारानं नवव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं की प्रेषित मुहम्मद (स.) यांना मिरगी होती. पुढे युरोपात ही गोष्ट शतकानुशतकं फिरत राहिली. एडवर्ड गिबननं अठराव्या शतकात तिला ग्रीकांची निरर्थक निंदा ठरवलं. पावणेदोनशे वर्षांनंतर, शत्रूच्या राज्यात बसून, एकही साक्षीदार न तपासता केलेलं निदान हे निदान नसतं. ती शिवी असते. पण तिला उत्तर देताना आपले लोक कधी कधी असं बोलतात की जणू मिरगी हा घाण आजार आहे. शिवी देणाऱ्यानं जे गृहीत धरलं, तेच उत्तर देणाऱ्यानंही धरलेलं असतं. त्या सभेत मागच्या रांगेत बसलेल्या, खिशात गोळ्या असलेल्या पोराला काय वाटत असेल?

एकोणिसाव्या शतकात हा विषय लंडनला गेला. क्वीन स्क्वेअरमध्ये १८६० मध्ये खास अर्धांगवायू आणि मिरगीच्या पेशंटसाठी इस्पितळ उघडलं. तिथले डॉक्टर जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन पेशंटच्या नातेवाइकांना तासन्‌तास प्रश्न विचारत. त्यांच्या स्वतःच्या पत्नीलाही झटके येत. काही पेशंटचा झटका अंगठ्यापासून सुरू होतो, मनगट, कोपर, मग चेहरा असा ठराविक वाटेनं सरकतो, हे त्यांनी पाहिलं. यावरून त्यांनी ताडलं की मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा जणू नकाशा असला पाहिजे आणि झटका म्हणजे तिथल्या एका जागेतून एकाएकी होणारा अतिरेकी स्फोट. १८७३ मधली ही त्यांची व्याख्या आजही फारशी बदलावी लागलेली नाही. यंत्र एकही नव्हतं. गॅलनच्या त्या मुलाच्या पायातून चढणारी झुळूक आता जागेवर बसली. पाय बिघडलेला नव्हता, मेंदूतली पायाची जागा बिघडली होती.

औषधांचा इतिहास मात्र निम्मा योगायोगाचा आहे. १८५७ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स लोकॉक यांनी सांगितलं की बायकांच्या पाळीशी निगडित झटक्यांवर त्यांनी पोटॅशियम ब्रोमाइड दिलं आणि गुण आला. त्यामागचा त्यांचा तर्क चुकीचा होता, औषध खरं निघालं. पेशंट सुस्त होत, अंगावर पुरळ उठे, पण झटके कमी होत. १९१२ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला आल्फ्रेड हाउप्टमान हा तरुण डॉक्टर मिरगीच्या वॉर्डाच्या वर राहायचा. रात्री खालच्या आवाजानं झोप लागेना, म्हणून त्यानं पेशंटना झोपेचं नवं औषध दिलं. पेशंट झोपले, आणि दिवसाचे झटकेही कमी झाले. ते औषध फिनोबार्बिटोन, आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवरची ‘गार्डिनल’. हाउप्टमान ज्यू होता. पुढे नाझींमुळे त्याला देश सोडावा लागला. १९३८ मध्ये बोस्टनला मेरिट आणि पटनम यांनी मांजरांवर एकेक रसायन तपासत फेनिटॉइन शोधलं. झोप न आणताही झटके थांबवता येतात हे त्यामुळे कळलं. ‘एप्टॉइन’ ती हीच.

यंत्रं त्याच सुमारास आली. जर्मनीतच येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावर तारा लावून मेंदूच्या विजेचा आलेख काढला आणि १९२९ मध्ये तो छापला. हाच आजचा ईईजी. १९३५ मध्ये अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी त्यावर एका वेगळ्याच प्रकारच्या झटक्याची खूण पकडली. मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. बोलता बोलता पाच-दहा सेकंद नजर थिजते आणि परत जिथलं तिथे. आलेखावर सेकंदाला तीन या वेगानं टोकं दिसतात. शिक्षकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. श्रुतलेखनात अधली-मधली वाक्यंच गाळणारं, ‘लक्ष कुठे असतं तुझं’ म्हणून मार खाणारं मूल प्रत्येक शाळेत असतं. त्यातलं एखादं या जातीचं असू शकतं.

भारतापुरती खास म्हणावी अशी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या लोकांना हमखास धक्का देते. इंग्रजांच्या काळात भारतात नोकरी करून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना, घरी गेल्यावर काही वर्षांनी, अचानक मिरगी सुरू होई. तिथल्या लष्करी डॉक्टरांनी १९३० च्या दशकापासून याचा पाठलाग केला, आणि १९६१ मध्ये अशा ४५० पेशंटचा अभ्यास छापला गेला. कारण होतं पट्टकृमीच्या, म्हणजे डुकरातून येणाऱ्या टेपवर्मच्या, मेंदूत जाऊन बसलेल्या अळ्या. पुढे १९८० च्या दशकात आपल्याकडे सीटी स्कॅन आले तेव्हा झटके येणाऱ्या असंख्य लोकांच्या मेंदूत एक छोटी, अंगठीसारखी गाठ दिसू लागली. पुष्कळांना टीबीची गाठ समजून टीबीची औषधं दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अशा काही गाठी काढून तपासल्या तेव्हा कळलं की बहुतेकींत हीच अळी आहे, आणि ती बऱ्याचदा आपोआप विरूनही जाते.

हे सांगितलं की लगेच उत्तर येतं: आपण डुक्कर खातच नाही, आपल्याला कसं होईल? होतं. डुकराचं कच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात टेपवर्म होतो. मेंदूत जाते ती मात्र त्याच्या अंड्यातून निघालेली अळी. आणि अंडी येतात टेपवर्म असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून, गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या कोथिंबीर-मुळ्यातून. म्हणूनच पक्क्या शाकाहारी घरांतही हा आजार सापडतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या कट्टर ज्यू वस्तीतल्या चौघांना तो झाल्याचं वैद्यकीय मासिकात छापून आलं. डुकराला शिवणंसुद्धा निषिद्ध मानणारे लोक. संशय गेला तो घरी स्वयंपाक करणाऱ्या, टेपवर्म असलेल्या कामगारांवर. हलाल-हरामचा कायदा पाळूनही भाजी धुवावीच लागते.

हा कुणा एका समाजाचा आजार नाही. मुंबईत डॉ. भरुचा कुटुंबीयांनी चौदा हजारांवर पारशी लोकांची घरोघर पाहणी करून ती १९८८ मध्ये छापली, तेव्हा हजारी पाचाच्या आसपास लोकांना मिरगी असल्याचं दिसलं. शिकलेला, सुखवस्तू समाज. आजार तिथेही आहे. फरक पडतो तो तिथे कुणाला लवकर डॉक्टर मिळतो आणि कुणाला नाही याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नीट उपचार मिळाले तर १०० पैकी ७० पर्यंत पेशंट झटक्यांशिवाय जगू शकतात.

कायद्यानंही या लोकांना बराच काळ छळलं. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं वेडाच्या शेजारी मिरगी बसवली होती. वारंवार झटके येणाऱ्याचं लग्न त्यामुळे अडचणीत येई. १९९९ मध्ये तो शब्द काढला गेला. आपल्याकडे निकाहला अशी अट कधीच नव्हती. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातल्या कारणांच्या यादीतही मिरगी नाही. पण रिश्त्याला आहे ना! आमच्या शाळेतली एक आठवीतली मुलगी वर्गात पडली तेव्हा तिच्या अम्मीनं मला पहिली गोष्ट सांगितली ती ही: “मिस, किसी को बोलो नको. लडकी की जात है.” डॉक्टरला दाखवलं का, हे मी विचारलं, तर म्हणाली, जुमेरातीला दर्ग्यात नेतोय, अकरा जुमेराती झाल्यावर बघू. अकरा आठवडे. त्या काळात मुलगी शाळेत येणार नव्हती, कारण लोक बघतील. मी तिला इब्न सीना सांगितला नाही. त्या बाईला इब्न सीनाचं काय? एवढंच म्हटलं, “बाजी, दर्ग्याला जा, मी कुठे अडवतेय? पण गुरुवार एकच असतो. बाकीचे सहा दिवस डॉक्टरचे.” ती ऐकून घेऊन गेली. दुसऱ्या महिन्यात मुलगी गोळ्या घेऊन वर्गात आली, आणि दर्ग्याचा फेराही चुकला नाही.

मी राहते त्या भागाला हे सोपं जायला हवं. मिरजेत एकीकडे ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे आणि दुसरीकडे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन इस्पितळ. सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या खेड्यांतून येणारे लोक दोन्हीकडे जातात, एकाच फेरीत. गुजरातेत मीरा दातारच्या दर्ग्यात मानसिक आजारांसाठी ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रमच चालला, मुजावर दुआ करतात आणि शेजारच्या खोलीत डॉक्टर तपासतो. इब्न सीनाचा उंबरठा थेट दर्ग्याच्या आवारात, असं मी त्याला म्हणते.

डॉक्टरकडे गेल्यावर मात्र एक गोष्ट सांभाळायची. झटका आलेल्या माणसाला काहीच आठवत नसतं, अपस्मार या शब्दातच ते आहे. म्हणून ज्यानं झटका पाहिला, त्यानं बरोबर जायचं, मग तो शेजारी का असेना. सुरुवात कुठून झाली, डोकं कुठे वळलं, किती वेळ चाललं, जीभ चावली का, उठल्यावर किती वेळ भ्रमात होता, हे डॉक्टर विचारतात. चक्कर येऊन पडणं, साखर कमी होणं, मनावरच्या ताणानं येणारे झटके, हे सगळे बाहेरून सारखेच दिसतात. ईईजी चांगला आला म्हणजे मिरगी नाही, असंही नसतं. त्यापेक्षा मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कधी कधी जास्त कामाचा. फक्त तो डॉक्टरलाच दाखवायचा. मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकलात तर त्या बुखारीतल्या बाईची लाज आठवा.

गोळ्या वेळेवर घ्यायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत. दोनेक वर्षं झटका आला नाही तर त्या कमी करायच्या का, हे डॉक्टर ठरवतात. लग्न ठरलेल्या मुलींनी आपल्या गोळीत व्हॅल्प्रोएट आहे का हे आधीच विचारावं, कारण पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो आणि गोळी बदलायला वेळ लागतो. आणि रमजान. दिवसाची गोळी चुकते, सहरीसाठी उठल्यानं झोप मोडते. दोन्ही गोष्टी झटका आणणाऱ्या. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननंच दिली आहे. काहींना डॉक्टर गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला बसवूनही देतात, पण ते रमजानच्या महिनाभर आधी विचारायचं, चाँदरातीला नव्हे.

वर्गात कुणी पडलं तर काय करायचं, हे आमच्याकडे आता मुलांनाही माहीत आहे. बाकं बाजूला सारायची, डोक्याखाली दप्तर नाही, ओढणीची घडी ठेवायची, कपडे नीट करायचे, एका कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा कुणी आणायला पळायचं नाही. एकीनं घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटं झाली आणि थांबलं नाही, तर १०८ ला फोन. घड्याळ बघायचं काम त्या आठवीतल्या मुलीच्या मैत्रिणीनं मागून घेतलं आहे.